सीडीची सरळ बाजू

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, दुपारी, शिरूरमध्ये मामांच्या घरी एका जुन्या गेमच्या सीडीला अभिषेक घालण्यात आला. मी हजर होतो.

गेम गाड्यांच्या शर्यतीचा. टीव्हीला जोडायच्या यंत्रासकट तो मामांच्या मुलाने कॉलेजात असताना आणला होता. घरात त्या यंत्राला 'डबा' म्हणतात. मुलगा नोकरीला बाहेर गेला, डबा घरी राहिला आणि ऊस तुटून गेल्यावरच्या रिकाम्या दिवसांत मामा त्याच्यासमोर बसू लागले. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. शेवटची सोडून बाकी सगळ्या शर्यती त्यांनी जिंकल्या आहेत. शेवटची सुरू झाली की चित्र जागीच थिजायचे. यंदा दसऱ्यानंतर डबाही बंद पडला.

"तेवढी शर्यत दाव मला," मामा म्हणाले. "बाकी काय मागनं न्हाई."

सीडी घेऊन मी दौंडला घरी आलो. सीडीची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, संगणकावर घेतली की गेम डब्याशिवाय चालतो. प्रत बिनचूक आहे का, हे चेकसमवरून कळते. फाइलमधल्या प्रत्येक आकड्यावरून गणिताने काढलेली ती एक लांबलचक खूण असते. आत एक आकडा चुकला तरी अख्खी खूण बदलते. जुन्या गेमच्या बरोबर खुणा हौशी लोकांनी इंटरनेटवर नोंदवून ठेवल्या आहेत. माझी खूण जुळली नाही. पुन्हा प्रत काढली. ती नोंदीशी जुळली नाही आणि पहिल्या प्रतीशीही नाही. दोन प्रती एकमेकींशी जुळल्या असत्या, तर सीडी वेगळ्या आवृत्तीची असेल म्हणता आले असते. एकच साक्षीदार दर वेळी वेगळे सांगत असेल, तर आम्ही वार्ताहर बातमी छापत नाही.

मामांना फोन केला.

"काटा बदलून बघितला का?" त्यांनी विचारले. त्यांनी आयुष्यभर साखर कारखान्याला ऊस घातला आहे. वजन पटले नाही की पहिला संशय काट्यावर.

सीडी वाचणारा दुसरा ड्राइव्ह मित्राकडून आणला. वेग कमी केला, केबल बदलली. तिसरीच खूण आली.

"मंग मालातच खोट हाय, भाचेबुवा," मामा म्हणाले.

सीडी गच्चीवर उन्हात धरली. चकचकीत बाजूला, कडेजवळ, तांबूस-पिवळा पट्टा होता. प्लास्टिक जुने झाल्याचा रंग, असे मी आधी धरून चाललो होतो. सीडी आतून बाहेर लिहिलेली असते. शेवटची शर्यत कडेजवळ असणे शक्य होते. पट्ट्याला हळदीचा वास होता.

मामींनी फोनवर दुजोरा दिला. दर खंडेनवमीला विळा, कोयता, मोटारसायकल आणि डबा यांच्याबरोबर सीडीलाही त्या हळद-कुंकू लावतात.

"पण चकचकीत बाजूला का, मामी?"

"तीच सरळ बाजू न्हाई का? तोंड दिसतंय तिच्यात. पाठीला कुनी कुंकू लावतंय व्हय?"

ते पुसतो, असे मी म्हणालो.

"पुसायचं न्हाई. हे धडधाकट बसल्यात हितं, आन् तू कुंकू पुसायचं बोलतो?"

मागून मामांचा आवाज आला. "अगं, सीडीचा नवरा कोन?"

"तुमीच की. दिसभर तिच्याम्होरंच बसता."

सीडी आहे तशी परत आणण्याचा हुकूम झाला. रविवारी लॅपटॉप आणि दोन्ही ड्राइव्ह घेऊन मी चौफुल्यामार्गे शिरूरला गेलो. मामा दारातच होते.

"शर्यत?"

"कुंकू निघाल्याशिवाय नाही, मामा."

ते आत जाऊन मामींसमोर बसले. शेवटी मामींनीच वाट काढली. देवाला आंघोळ घालताना जुने कुंकू जातेच. त्याला कोणी पुसणे म्हणत नाही. त्यांनी ताम्हण आणले, सीडी त्यात चकचकीत बाजू वर करून ठेवली आणि तांब्यातून कोमट पाण्याची धार धरली. मी साबणाचा थेंब टाकू का विचारले.

"देवाला साबन लावतोस का घरी?"

पट्टा हळूहळू सुटला. आंघोळीनंतर अंग टिपायला हरकत नव्हती. मी मऊ कापडाने मधून कडेकडे सीडी टिपली. पाणी तुळशीला गेले.

दोन्ही ड्राइव्हवर प्रती काढल्या. खुणा एकमेकींशी जुळल्या आणि नोंदीशीही. जिंकलेल्या शर्यती ज्यात साठवल्या होत्या, ते डब्याचे मेमरी कार्ड पहिल्याच प्रयत्नात उतरले. त्याला कधी कोणी कुंकू लावले नव्हते. मामींनी सीडीला नवे कुंकू लावले. छापील बाजूला लावा, अशी मी विनंती केली होती. "पाठीला तर पाठीला," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉपलाही बोट लावले, पडद्याच्या मधोमध.

मामा चष्मा पुसून बसले. शेवटची शर्यत सुरू झाली आणि चित्र थिजले नाही. कुंकवाच्या ठिपक्यामागे वळण दिसत नाही, अशी त्यांनी तक्रार केली. ती मान्य झाली नाही.

शर्यत पूर्ण झाली. मामा सहावे आले. गाड्या सहा होत्या.