सरांना काय मिळालं?

आज दोंडाईच्याला आमच्या घरी फुटबॉलचे सर आले होते. नव्वदच्या दशकात ते आम्हा हमालांच्या पोरापोरींना फुकट खेळ शिकवायचे. आधी धडा वाचून घ्यायचे, मगच चेंडू काढायचे.

माझ्या वडिलांना, आबांना, ते कधीच पटलं नाही. "फुकट कोन शिकाडस?" म्हणत ते रोज मैदानाच्या कडेला सायकल लावून पहारा द्यायचे.

आज चहा संपायच्या आत त्यांनी विचारलंच, "सर, आते तरी सांगा, तुम्हले काय भेटनं?"

सर हसले. "आबा, तुम्ही तिथे बसायचात, म्हणून तर बाकीच्यांनी पोरी निर्धास्त पाठवल्या!"

सर गेल्यावर आबा हळूच म्हणाले, "पन त्यासले काय भेटनं, ते सांगंच नही."

मी शेजारीच माझ्या वर्गातल्या पोरांच्या वह्या तपासत बसले होते. तुम्हीच सांगा, आबांना काय उत्तर देऊ?