एक पाऊल मागे

१९७८च्या हिवाळ्यात माझ्या मुलाने माझ्या मैदानावर यायचं बंद केलं आणि तो रेल्वेलाइनपलीकडच्या मैदानावर जाऊ लागला. तिथे पोरांना शिकवणारा माणूस पूर्वी माझ्याच संघात उजवा फुलबॅक होता. मी डावा.

आम्हा दोघांनाही नोकरी फुटबॉलवरच मिळाली होती. सकाळी सराव, दुपारी ऑफिसचं टेबल. त्याचा खेळ लोकांना दिसायचा. धावून जायचा, फॉरवर्डच्या पायातून चेंडू काढायचा, लांब टोलवायचा. तो पुढे गेला की मी एक पाऊल मागे सरकून त्याची मोकळी जागा राखायचो. चेंडू बहुतेक वेळा माझ्यापर्यंत यायचाच नाही. टाळ्या त्याला मिळत. खेळणं संपल्यावर दोघेही पोरांना शिकवू लागलो, तेव्हा ही तुलना मिटली असं मी धरून चाललो होतो.

मुलाला कारण विचारलं. तो नववीत होता.

"तुमी मले मागंच ठेवता, बाबा. सर म्हणतात, पुढं जाय."

सकाळी तो सरावाहून परतला की पायांना मलमाचा वास यायचा. सर स्वतः पोरांचे पाय चोळून देतात, असं त्याने कौतुकाने सांगितलं. मी कधी चोळले नव्हते. त्या दिवशी मी त्याला न्हाणीघरात पाठवलं, पाय साबणाने दोनदा धुवायला लावले.

"काहून जळून राहिले जी?" बायकोने विचारलं.

"कोण जळून राहिलं?"

"तेच तं इचारून राहिली मी."

फेब्रुवारीत दोन्ही मैदानांच्या पोरांचा सामना झाला. मुलगा समोरच्या संघात, माझ्याच जागेवर, डावीकडे खेळत होता. त्यांच्या सरांनी बचावफळीला एक सापळा शिकवला होता. मधल्या बॅकने आरोळी दिली की सगळ्यांनी एकदम पुढे धावायचं. समोरचा फॉरवर्ड मागे एकटा उरतो, ऑफसाइड धरला जातो आणि पंचाची शिट्टी वाजते. मात्र एक जण जरी मागे राहिला तरी सापळा फसतो. माझी पोरं त्यात पुन्हा पुन्हा अडकली. गोल कोणाचाच होत नव्हता.

शेवटी शेवटी पुन्हा आरोळी आली. बाकीचे बॅक पुढे धावले. माझा मुलगा एक पाऊल मागे सरकला आणि त्यांची मोकळी जागा राखू लागला. शिट्टी वाजली नाही. आमच्या फॉरवर्डने गोल केला. माझे दोन्ही हात वर गेले. मुलगा माझ्याकडे पाहत होता.

सामना संपल्यावर माझा जुना जोडीदार मैदान ओलांडून माझ्याकडे आला.

"तुहंच पोरगं आहे गा," तो हसून म्हणाला. "सारे पुढं गेले, अन् हे मागं पहारा देऊन राहिलं."

"मंग पाठव ना वापस."

"येत असन तं घेऊन जाय. मी काय बांधून ठेवलं त्याले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा बूट गळ्यात अडकवून निघाला. मी सायकलवरून त्याच्या मागे रेल्वे फाटकापर्यंत गेलो. माझं मैदान फाटकाच्या अलीकडे होतं. फाटक उघडं होतं. तो लाइन ओलांडून पलीकडे गेला.