अख्खी उदबत्ती

देवळे सरांच्या साठीच्या गौरवग्रंथात मी काय लिहिणार, असं मी मेधाला म्हटलं होतं. मी मॅट्रिक झालेली बाई. पूजा, स्वयंपाक आणि अर्धांगानं झोपून असलेल्या माणसाची उठबस, यांत दिवस सरतो आणि अंगातलं त्राणही. पण मेधा सरांची विद्यार्थिनी, आणि मी तिची आई. न लिहून चालणार नाही.

सरांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी, सत्यनारायणाला. मेधा नुकतीच त्यांच्याकडे पीएच.डी.ला लागली होती. द्रोण हातात धरून सर उदबत्तीच्या धुराकडेच बघत बसले.

"सर, प्रसाद गार होतोय," मी म्हटलं.

"वहिनी, हा धूर वर जाऊन कसा गुंडाळतोय बघा. मेधा यावरच काम करणार आहे."

"उदबत्त्यांवर?" खाटेवरून आमच्या ह्यांनी विचारलं. सर पोटभर हसले.

मग दारातल्या रांगोळीशी बसून त्यांनी मला समजावलं. पंख्याचं पातं हवा कापतं तेव्हा भोवरे सुटतात, आवाज त्यांतून होतो. संगणकात ती हवा म्हणजे भोवऱ्यांचे बारीक ठिपके. प्रत्येक ठिपका बाकीच्यांना फिरवतो. वाहता वाहता ते विरळ होतात आणि गणित चुकतं, म्हणून वरचेवर नव्यानं भरून घ्यायचे. सरांना नि मेधाला कूलरचा कमी आवाजाचा पंखा काढायचा होता. कूलरच्या घरघरीनं ह्यांना उन्हाळाभर झोप नसते, म्हणून मेधाचा सगळा जीव त्यात.

चार वर्षांनी खरं पातं करून फिरवलं. संगणकानं शांत ठरवलेलं ते पातं जुन्यासारखंच ओरडलं. संगणकाचा वेळ वाचावा म्हणून मेधानं ठिपके भरायच्या फेऱ्या कमी केल्या होत्या. ही काटकसर माझ्याकडूनच उचललेली. आमच्या घरात उदबत्तीसुद्धा अर्धी मोडून लावतात. मेधा म्हणाली, सोडून देते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर स्वतः आले. मला वाटलं, तक्रार घेऊन आले.

"वहिनी, चूक माझी. निकाल मला हवा तसा आला, म्हणून मी तपासला नाही. त्यावर छापलेला लेख मागं घेतोय, तसं छापणाऱ्यांना कळवलंय."

"पण सर, आणखी एक वर्ष? आमच्यात ताकद नाय राहिली आता."

सरांनी खाटेकडे पाहिलं. "माझ्यातही फार नाही," ते म्हणाले. "पण ह्यांना खोट्या पंख्याखाली झोपवायचं का?"

आमचे हे अडखळत बोलले, "मला तसंही कुठं झोप येते. करू द्या तिला."

ते वर्षभर सर मेधाशेजारी खुर्ची ओढून एकेक फेरी तपासत बसले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी. "लई काटकसर केलीस गं, आता सढळ हातानं भर," असं तिला चिडवायचे.

आमच्या कूलरला बसवलेला नवा पंखा काही मुका झाला नाही. आवाज थोडा उतरलाय, सर एवढंच सांगतात, वाढवून सांगत नाहीत. पण या उन्हाळ्यात आमचे हे दुपारी तासभर झोपतात. तेवढा वेळ मीही भिंतीला टेकून डोळे मिटते.

आज सरांच्या नावानं देवापुढं उदबत्ती लावली, अख्खी. सरांना निरोगी, उदंड आयुष्य मिळो, आणि दुपारची अशी तासभर झोप त्यांनाही लागो, एवढंच मागितलं.