लक्ष्मीला आपटायचं नसतं

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि गाडीतलं सगळं ह्यांना कळतं. शाळेतून निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी मी गाडी शिकले. तेव्हा हेही आले होते शिकायला, दोन दिवस. शिकवणारा 'ब्रेक' म्हणून ओरडला तेव्हा ह्यांनी ब्रेक म्हणजे यातला नेमका कुठला, ते आधी विचारून घेतलं. तिसऱ्या दिवशी ह्यांना सर्दी झाली आणि ती सर्दी आजतागायत बरी झालेली नाही.

पण अधिकार सोडायचा तो कसा? सगळा जन्म सरकारी कचेरीत दुसऱ्याच्या कागदावर शेरे मारण्यात गेला, त्यामुळे न केलेल्या कामावर मत देण्याचा ह्यांचा हात चांगला बसलेला आहे. रोज सकाळी पूजा आटोपली की हे गाडीचं बॉनेट उघडतात. पाणी बघतात, ऑईल बघतात, बॅटरीवरची न बसलेली धूळ पुसतात. मग दोन्ही तळहातांनी बॉनेट अलगद खाली दाबून बंद करतात आणि त्यावर उजवा हात टेकवून तो कपाळाला लावतात. गाडी ही लक्ष्मी, आणि लक्ष्मीला आपटायचं नसतं. गाडीत बसणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दार लावताना 'हळू, हळू' असं ऐकून घ्यावं लागतं. एकदा आमच्या व्याह्यांनी दार जरा जोरात लावलं, तर पुढे चहा होईपर्यंत हे त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मला ह्या सगळ्याचं हसू यायचं, पण त्रास नव्हता. मला गाडी लागते ती दर मंगळवारी. माझी मोठी बहीण जवळच्या कुंभारी गावात राहते, एकटी. तिचे गुडघे गेलेत, ती येऊ शकत नाही. पूर्वी तिच्याकडे जायचं म्हणजे कुणी तिकडे निघालंय का, कुणाच्या गाडीत जागा आहे का, अशी आर्जवं करत बसावं लागायचं. गाडी हातात आल्यापासून मी कुणाला विचारत नाही. ही चैन मला उशिरा मिळाली, आणि हात-पाय चालतात तोवर ती सोडायचा माझा मुळीच विचार नाही.

तर एका दुपारी अक्कलकोट रोडला चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो माझ्या पुढे उभा होता. मी त्याच्या मागे उभी. त्याने मागे न बघता गाडी मागे घेतली आणि माझ्या बॉनेटच्या तोंडावर टेकवली. मी खाली उतरले, तर टेम्पोवाला मलाच म्हणाला, "मॅडम, मागं बघायचं की तुमी." मागे मी होते, म्हणून मागे बघायची जबाबदारीही माझी. असलं तर्कशास्त्र मी तीस वर्षं वर्गात शेवटच्या बाकावरून आलेलं ऐकलेलं आहे. तिथे निदान उभं तरी करता यायचं.

बॉनेटची कड आत गेली होती आणि ते नीट बसत नव्हतं. घरी आल्यावर हे गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "ब्रेक उशिरा लावलास."

"मी उभी होते."

"तरी पण."

ह्या 'तरी पण'ला उत्तर नसतं, हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

त्याच रस्त्यावर एक गॅरेज आहे, तिथे गाडी नेली. किल्ली माझ्या हातात, चालवत आले मी, आणि मेकॅनिक ह्यांना विचारतोय, "कशी काय ठोकली, साहेब?" साहेबांनी घसा साफ करून, चालवणाऱ्याने किती अंतर ठेवायला हवं, ते त्याला समजावून सांगितलं. तो मान हलवत राहिला. कड ठोकून सरळ केली, बॉनेटचं लॉक वाकलं होतं ते काढून नवीन बसवलं, आणि संध्याकाळी गाडी दिली.

दुसऱ्याच दिवशी बॉनेट खडखडायला लागलं. खड्ड्यातून गेलं की पुढे पत्रा वाजायचा. परत गॅरेजला. त्याने पाना घेऊन काहीतरी घट्ट केलं, दोन-तीनदा उघडझाप केली, म्हणाला, "झालं बघा." घरी येईपर्यंत आवाज नव्हता. सकाळी ह्यांची पाहणी झाली आणि मी बाजारात गेले, तर पुन्हा खडखड. तिसऱ्यांदाही तेच. ह्यांचं निदान एव्हाना ठरलं होतं: लॉक चांगलं आहे, हिच्या चालवण्यात धक्के फार.

हे निदान माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी त्याकडे लक्ष दिलं नसतं. पण ह्यांनी ते पुण्याला मुलाला कळवलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि बाहेर फोन मोठ्या आवाजात चालू होता. "आईला आता जमत नाही रे," हे सांगत होते. मुलगा म्हणाला, विकून टाकू, हल्ली मोबाईलवरून रिक्षा बोलावता येते, रविवारी एक ओळखीचा माणूस गाडी बघायला पाठवतो. दोघांनी किती काळजीने ते ठरवलं. इतकी काळजी की मी पंधरा फुटांवर होते आणि मला हाक मारायचं कुणाला सुचलं नाही. राग तर आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. पुन्हा 'कुणी तिकडे निघालंय का' विचारणारी बाई व्हायचं नव्हतं मला.

मंगळवारी मी कुंभारीला निघाले तर हे शेजारी येऊन बसले, लक्ष ठेवायला. येताना मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला आणि बॉनेट एकदम वीतभर वर उचललं गेलं. आतल्या आकड्याने धरून ठेवलं म्हणून, नाहीतर काचेवर आलं असतं. मी गाडी कडेला घेतली. हे म्हणाले, "बघ." एवढंच. उतरून दोन्ही तळहातांनी बॉनेट खाली बसवलं, हात कपाळाला लावला आणि पुन्हा शेजारी येऊन बसले.

मी पंचवीसच्या वेगाने सरळ गॅरेज गाठलं.

मेकॅनिक वैतागला होता. त्याने बॉनेट उघडलं, लॉकमध्ये बोट घालून बघितलं, पाना काढलाच नाही. मला विचारलं, "मॅडम, हे रोज उघडतं कोण?"

"साहेब."

"आन् लावतं कोण?"

"साहेबच."

"लावा बघू, साहेब."

ह्यांनी लावलं. नेहमीसारखं, तळहातांनी, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. मेकॅनिकने कडेला दोन बोटं घातली आणि बॉनेट वर उचललं.

"ह्ये बंदच न्हाय झालं, साहेब. जुनं लॉक झिजल्यालं होतं, हातानं दाबलं तरी बसायचं. नवीन घट्ट हाय. ह्येला वरनं सोडायचं असतंय. मी सोडतो तसं."

"आपटायचं?" ह्यांनी विचारलं. मी ह्यांना इतकं दुखावलेलं क्वचितच बघितलंय.

"व्हय की. कंपनीनं त्यासाठीच केलंय ते."

"लक्ष्मी आहे ती."

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या गॅरेजमध्ये माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी बघितलं. "मॅडम, तुमी सोडा."

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आठ वर्षं मी ही गाडी चालवते, पण बॉनेटला मी कधी हात लावला नव्हता. ते खातं ह्यांचं, आणि हात काळे होत नाहीत म्हणून मलाही ते बरंच वाटायचं. तीन वेळा त्या माणसाने माझ्यासमोर बॉनेट वरून सोडून बंद केलं आणि मी ते बघितलं नाही. मी पर्समधला रुमाल शोधत होते. दुसऱ्यांना मठ्ठ म्हणणाऱ्या बाईने एवढं तरी बघायला हवं होतं.

मी बॉनेट हातभर उचललं आणि सोडून दिलं. खट्ट. मेकॅनिकने ओढून बघितलं, मी ओढून बघितलं. हलेना. घरापर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांतून मी मुद्दाम गाडी नेली. कुठे आवाज नाही. हे काचेतून बाहेर बघत होते.

घरी आल्या आल्या ह्यांनी मुलाला फोन लावला. मी ऐकत उभी राहिले, म्हटलं, आता तरी सांगतील. हे म्हणाले, "सापडला रे दोष. लॉक नवीन होतं ना, ते जरा बसायला वेळ लागतो. आता काही प्रश्न नाही. त्या माणसाला नको पाठवू." मुलगा म्हणाला, बरं झालं, मग राहू दे. दोन मिनिटांत संपलं. माझ्या चालवण्यातले धक्के कुठे गेले, ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

फोन ठेवून हे माझ्याकडे वळले, चेहऱ्यावर मोठ्या मनाने काहीतरी मंजूर केल्याचं समाधान. "गाडी ठेवायची ठरली," म्हणाले.

"कुणाची?" मी विचारलं.

ह्यांना प्रश्न कळला नाही. नुसते हसले.

"आपलीच की," म्हणाले.