मायाप्पाची टेस्ट

सायकलवाल्यांच्या मागं जीप चालवणाऱ्याकडं किस्से का साठतात, ते सांगतो. पुढं पोरं घाम गाळत असतात आणि मागं आम्ही सेकंड गिअरमध्ये रांगत असतो. गाणी लावायला कोचची बंदी. मग एक तर बोलायचं, नाहीतर झोपायचं. स्टिअरिंग माझ्या हातात असल्यामुळं झोपायची सोय नाही! सांगलीतल्या आमच्या सायकल क्लबची जीप मी बरीच वर्षं हाकतोय. पोटापाण्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, पण दुकानात बसून एक धड किस्सा मिळाला असेल तर शपथ.

कोच म्हणजे आबा. मूळचे कोरेगावचे, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. आणि किस्से बहुतेक मायाप्पाचे. हा जत तालुक्यातल्या एका वाडीवरचा, घरी मेंढरं. कॉलेजला म्हणून सांगलीत आला आणि आबांच्या तावडीत सापडला. औंधच्या चढाला त्याच्या मागं माझी जीपसुद्धा धापा टाकते.

पण आमच्याकडं त्याचं नाव निघतं ते पायांपेक्षा हट्टासाठी. पोटात काय जातंय हे कळल्याशिवाय हा गडी घोटभरसुद्धा घेत नाही. वैताग आहे नुसता!

*

क्लबच्या खोलीत पूर्वी एका परदेशी चॅम्पियनचं मोठं पोस्टर होतं. आबा रोज सकाळी त्याला जवळजवळ सॅल्यूटच ठोकायचे. नवीन पोरगं आलं की त्याला पोस्टरसमोर उभं करायचे. "बघ रं, ह्येला म्हंत्यात दम!"

मग एक दिवस बातमी आली, की हा दम वर्षानुवर्षं औषधांचा होता. संध्याकाळी त्यांनी पोस्टर काढलं, उलटं केलं आणि कोरी पांढरी बाजू वर करून पुन्हा तिथंच ठोकलं.

आमच्यात पिंट्या म्हणून एक आहे. क्लबातला सगळ्यात हळू आणि सगळ्यात बडबड्या रायडर. तो म्हणाला, "आबा, फाडून टाका की सरळ!"

"ऱ्हाऊ दे. जागा धरून ठेवलीया. कोन तरी येईल तितं लावायजोगा!"

*

सांगलीतल्या एका जिमचा मालक एकदा क्लबवर डबा घेऊन आला. डब्यावर वाघाचं चित्र. मायाप्पाला बाजूला घेऊन म्हणाला, "शंभर टक्के आयुर्वेदिक. चढावर नुसता उडशील. आणि खास गोष्ट म्हणजे, कुठल्याच डोप टेस्टमध्ये सापडत नाही!"

मायाप्पानं डबा सगळीकडून फिरवून बघितला आणि परत त्याच्या हातात दिला.

"सापडत न्हाई म्हंजे हाय तरी!"

जिमवाल्यानं डबा पिशवीत घातला. त्यानंतर तो आमच्या गल्लीतून जाताना दिसला नाही.

*

आता जिमवाल्याशी असं वागला तर आपण कौतुक करू. पण हा घरीसुद्धा तसाच! एकदा थंडीत घसा धरला म्हणून वाडीवर गेला. आईनं काढा करून पुढं ठेवला. हा विचारतोय, "आये, ह्यात काय काय घातलंयस?"

"तुझा बा जलमभर ह्योच पेतोय. त्येनं कवा इचारलं न्हाई!"

"तसं न्हवं गं. टेस्टवालं सायेब इचारत्यात. मला सांगता याया पायजे."

"मग सायबाला बी ने पेलाभर. त्येचा बी घसा मोकळा हुईल!"

शेवटी तिनं एकेक जिन्नस उचलून त्याच्या नाकासमोर धरला. तोवर काढा गार झाला होता.

*

हे टेस्टवाले साहेब एकदा खरोखरच उगवले. सांगलीत रेस होती. निम्मं अंतर झालं आणि कुजबुज पसरली, की फिनिशला टेस्टिंगची गाडी येऊन उभी आहे. झालं! पुढच्या गटातल्या एकाचं पोट दुखायला लागलं. दुसऱ्याची चेन पडली ती चढेचना. तिसऱ्याला भर रस्त्यात मामाच्या तब्येतीची आठवण झाली. जीपमधून मी बघतोय, तर पोरं रस्त्याकडंला सायकली लावून उसात शिरताहेत!

मायाप्पा पहिला आला. त्यात काही नवल नव्हतं. नवल म्हणजे, एरवी मांडव सोडायला लागल्यावर पोचणारा आमचा पिंट्या चौथा आला! उत्तेजनार्थ कप घेताना त्यानं सरळ माइकच ताब्यात घेतला.

"टेस्टवाल्या सायबांचं लय लय आभार! त्येंना दर रेसला बोलवा. मी ऑलिंपिकला जातो!"

*

त्याच दिवशी मायाप्पाची टेस्ट झाली. नियम असा, की बाटलीत लघवी द्यायची ती साहेबांच्या समोर. मायाप्पा मुलखाचा लाजाळू. वर उन्हात सायकल हाणून अंगातलं पाणी आटलेलं. बाटल्यांवर बाटल्या पाणी ढोसलं तरी काही होईना. बाहेर आबांनी बैलाला पाणी पाजताना घालतात तशी शीळ सुरू केली. आतून साहेब ओरडले, "कोण आहे रे ते?"

शेवटी साहेबांनी अनुभवाचा उपाय केला. बेसिनचा नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकून भल्याभल्यांचं काम होतं म्हणे. मायाप्पानं हात लांब करून नळ बंद केला. साहेबांनी सोडला. यानं पुन्हा बंद केला.

"अरे, तुझ्यासाठीच सोडतोय ना!"

"सायेब, आमच्या वाडीवर टँकर येतो. पानी असं वाया जाताना बघितलं की मला काय बी हुईत न्हाई. खाली बादली लावा, मग सोडा!"

बादली आली. नळ सुटला. बाटली भरली. आणि जाताना मायाप्पा ती बादली उचलून बाहेरच्या कडुलिंबाला घालून आला.

*

आता शेवटचा. हा घडत होता तेव्हा आम्हाला अजिबात हसू येत नव्हतं.

साताऱ्याला स्टेटची रेस होती. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात भरती व्हायचं, तर मायाप्पाला तिथं मेडल पाहिजे होतं, आणि वयात बसायचं त्याचं ते शेवटचं वर्ष. हुकलं की परत मेंढरांमागं. सगळं त्या एका रेसवर आलेलं.

अशात व्हॉट्सॲपवर फोटो फिरायला लागला. मायाप्पा उकिडवा बसलाय, हातात ही एवढी सुई, आणि चेहऱ्यावर हसू. खाली लिहिलेलं, 'चॅम्पियनचं सिक्रेट!'

खरं काय होतं? पावसाळ्याआधी मेंढरांना लस टोचतात. जनावरांच्या डॉक्टरला हा मदत करत होता, चुलतभावानं फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि कुणीतरी त्यातला मेंढा तेवढा काढून टाकला. चुलतभावाचा मोबाइल मधल्या काळात विहिरीत पडलेला, त्यामुळं अख्खा फोटो कुणाकडंच नाही! वर तक्रार गेली. चौकशीचा फोन येणार हे कळलं.

पिंट्या म्हणाला, "सांगून टाक, फोटो माझा न्हाईच. आजकाल कॉम्प्युटरवर कुनाचं बी तोंड कुनाला बी लावत्यात गड्या!"

आबांनी त्याला टोकलं नाही. खरं सांगायचं तर मीही टोकलं नाही. आम्हाला पोराची नोकरी दिसत होती.

फोन आला. मायाप्पानं तो आमच्यासमोरच घेतला. "फोटो माझाच हाय सायेब. सुई बी माझ्याच हातात हाय. पर ती मेंढराची हाय. वाडीवर या आनि बघा."

मी कपाळाला हात लावला. पण आतून इतकं बरं वाटलं, की काय सांगू! आबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ उगाच जीपची काच पुसत बसले.

काही दिवसांनी टेस्टवाले न कळवता वाडीवर हजर झाले. सुट्टी म्हणून मायाप्पाला सोडायला आम्ही तिथंच गेलो होतो. दोघांतला एक साहेब तर तोच, नळवाला! त्यानं आल्या आल्या स्वतःच बादली मागून घेतली. सॅम्पल झालं, बाटली सील झाली. साहेब अंगणात खुर्चीवर बसून सह्या घेत होते, तेवढ्यात मायाप्पाची आई रानातून आली.

"आवं सायेब, पोरानं काय चोरी केलीया?"

साहेबांनी मोबाइलवरचा फोटो तिच्यापुढं धरला आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. तिनं फोटो जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला.

"ह्यात आमचं मेंढरू कुठाय?" एवढंच बोलली आणि तरातरा मेंढवाड्याकडं गेली.

पुढं रिपोर्ट स्वच्छ आला. मायाप्पा साताऱ्याला दुसरा आला आणि आज त्याच्या अंगावर खाकी आहे. क्लबातल्या त्या कोऱ्या पोस्टरवर आता त्याचा फोटो आहे, आबांनी स्वतःच्या हातानं लावलेला. पण आमच्या जीपमध्ये पुन्हा पुन्हा निघते ती त्या दुपारचीच गोष्ट.

आई परत आली ती कळपातल्या सगळ्यात थोरल्या मेंढ्याला शिंगांना धरून ओढत. पदर खोचलेला. मेंढा आणून तिनं बरोबर साहेबांच्या खुर्चीसमोर उभा केला.

"सुई ह्येला दिलीया. बाटली ह्येच्या खाली धरा!"

साहेब दुसरी बाटली शोधेपर्यंत मेंढ्यानं काम उरकलंसुद्धा. ना नळ, ना शीळ!