जागलीनंतरचा विळा

बेला गावाजवळच्या आमच्या शेतात हुरडा भाजला, की त्या धुरातून मला ती सकाळ दिसते. रानडुकरांपासून ज्वारी राखायला रात्रभर जागल करून बाबा घरी आले आणि कडबा तोडायला विळा शोधू लागले. तो आईनं पदराआड धरला होता.

"काऊन लपवून राह्यली? मले झोप नाही येऊन राह्यली."

"जागल केलेल्याच्या हाती आमी इळा देत नसतो. आदी झोपा."

बाबा रागानं ओट्यावर टेकले आणि चहाची बशी हातात असतानाच झोपले.

पुढे जन्मभर मी प्रयोगशाळेत तेच तपासलं, झोप न झालेले हात कसे चुकतात. तिथंही रात्रभर जागलेला प्रत्येक जण बाबांसारखंच म्हणतो, मला झोप आलेली नाही.

आज बाबांनी हुरडा चोळून माझ्या ओंजळीत टाकला. त्यांची दाही बोटं शाबूत आहेत.