पाटीवरची मंडळी

इस्त्रीवालीला आताशा कशाचाच उत्साह उरला नव्हता. नवरा जाऊन महिना उलटला नाही, तोच दुकानाच्या परवान्यासाठी खेटे सुरू झाले. परवाना नवऱ्याच्या नावावर. माणूस गेला तसा परवानाही गेला. त्यात दिराने आपलं घोडं पुढे दामटलं.

निमित्त झालं दुकानावरच्या पाटीचं. ‘झकास इस्त्री आणि मंडळी’. मोठ्या पेढ्यांच्या पाट्या बघून नवऱ्याने हौसेने तसं लिहून घेतलं होतं. आत इनमिन दोघं, तो गल्ल्यावर आणि ती इस्त्रीपुढे. मंडळी कोण असं कुणी विचारलं, तर तो हसून म्हणायचा, “आमची मंडळी आत घामाघूम झालीये.” बायकोला मंडळी म्हणायची त्याची जुनी खोड. ती लटकं रागवायची, पण तिला ते फार आवडायचं.

आता दीर परवान्याचं काम बघणाऱ्या वकीलबाईंसमोर बसून सांगत होता, “मंडळी म्हणजे मी. भावाने पाटी लावली ती दोघांची म्हणूनच. निम्मं दुकान माझं आहे.”

भांडायलाही अंगात त्राण लागतं. दुकान गेलं तर या वयात कुणाच्या दारात उभं राहायचं, एवढंच इस्त्रीवालीच्या डोक्यात घोळत होतं.

वकीलबाईंनी चष्मा पुसला. “भागीदारी तोंडीसुद्धा असते, भाऊ. पण ती नफ्यातोट्याची असते. मागे दुकानात गिऱ्हाइकाची शाल जळली, तेव्हा भरपाईत तुमचा वाटा किती होता?”

“जळालेल्या शालीशी माझा काय संबंध?” दीर बोलून गेला आणि जीभ चावून बसला.

“मग संपलंच,” वकीलबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. “ताई, नवा परवाना तुमच्या एकटीच्या नावाने काढू. फक्त ते ‘आणि मंडळी’ पुसून टाका. लोकांना वाटतं भागीदार आहेत. उद्या आणखी कुणी उगवेल.”

परवाना हातात आला आणि रंगारी शिडी लावून चढला. दुकान वाचलं, आनंद व्हायला हवा होता. पण तिला नुसतं थकल्यासारखं वाटत होतं. ज्याची ती मंडळी होती तो गेला, आणि आता मालकीण व्हायचं तर पाटीवरूनही मंडळीला उतरावं लागणार होतं.

पांढऱ्या रंगाचा पहिला हात बसला. रंगारी वरूनच म्हणाला, “काकू, खालची लाल अक्षरं अजून थोडी दिसतायत. वाळलं की दुसरा हात मारतो.”

“रस्त्यावरून वाचता येतात का?”

“छे. आधी माहीत असेल त्यालाच कळतील.”

“मग राहू दे,” ती म्हणाली. “एकच हात पुरे.” आणि इस्त्री तापवायला आत गेली.